बम्पस हेल : मुलांना घेऊन उकळत्या जमिनीवरून चालताना

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील लॅसेन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कमध्ये बम्पस हेल नावाचा सुमारे १६ एकरांचा एक खोलगट भाग आहे. तेथे जमिनीतून वाफ फुसफुसत बाहेर पडते, पाणी उकळते आणि राखाडी चिखल रटरटत असतो. तेथे नेणारी पायवाट कागदावर फारच सोपी दिसते. जाऊन-येऊन अंतर सुमारे ३ मैल, म्हणजे ५ किलोमीटरच्या आत; चढ सुमारे ३०० फुटांचा; आणि सरावलेल्या माणसाला लागणारा वेळ दोन तासांचा. त्यामुळे पहिल्यांदा जाणारी कुटुंबे बहुतेक वेळा अंतराचा विचार करून तयारी करतात आणि तिथेच गणित चुकते. या वाटेची खरी कसोटी चालण्यात नसून टोकाला, लाकडी फळ्यांच्या वाटेवर, घालवलेल्या अर्ध्या तासात आहे. त्या अर्ध्या तासात मूल भुकेलेले, दमलेले किंवा किरकिरे असता कामा नये आणि मोठ्यांचे हात मोकळे असले पाहिजेत. आधीची सगळी आखणी या एका गोष्टीसाठी करावी.

जमिनीखाली काय चालले आहे

मुलांना नियम सांगण्यापूर्वी त्या नियमांचे कारण आपल्याला नीट ठाऊक असावे. लॅसेन शिखर हा निद्रिस्त असला तरी जिवंत ज्वालामुखी आहे. १९१४ ते १९१७ या काळात त्याचे उद्रेक होत होते. त्यांतला सर्वांत मोठा २२ मे १९१५ रोजी झाला आणि पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९१६ रोजी, हा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. वर सारे शांत दिसत असले तरी खोलवर तप्त शिलारसाची उष्णता अजून आहे. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, तापते, आणि त्याची वाफ वायूंना सोबत घेऊन पुन्हा वर येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८,००० फूट उंचीवर पाणी १०० नव्हे, तर साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते. पण जिथे वाफ दाबाने थेट बाहेर पडते तिथे तापमान याच्या कितीतरी वर जाते. इथल्या 'बिग बॉइलर' या सर्वांत मोठ्या वाफमुखाशी १६१ अंश सेल्सिअसपर्यंतची नोंद झालेली आहे.

धोक्याच्या दृष्टीने या उष्णतेइतकेच महत्त्व आम्लाला आहे. वाफेसोबत हायड्रोजन सल्फाइड हा वायू वर येतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. हवा आणि पाणी यांच्या संपर्कात त्यापासून गंधकाम्ल तयार होते आणि ते आजूबाजूचा कठीण ज्वालामुखीय खडक हळूहळू कुजवून त्याची मऊ माती करते. वरचा थर उन्हाने वाळतो, पांढुरका होतो आणि अगदी भक्कम जमिनीसारखा दिसतो. खाली मात्र उकळता चिखल असू शकतो. या जागेला ज्याचे नाव आहे तो केंडल बम्पस १८६० च्या दशकात लोकांना ही जागा दाखवायला नेत असे. असाच एकदा तो त्या कवचातून खाली गेला, त्याचा पाय भाजला आणि अखेर तो पाय त्याला गमवावा लागला. दहा वर्षांच्या मुलाला ही एवढी गोष्ट पुरते; वेगळा उपदेश करावा लागत नाही.

केव्हा जावे

या उद्यानात बर्फ प्रचंड पडतो. उद्यानातून जाणारा मुख्य रस्ता हिवाळ्यात बंद असतो, वसंतात तो टप्प्याटप्प्याने मोकळा केला जातो, आणि बम्पस हेलची वाट साधारणपणे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चालण्याजोगी असते. ज्या वर्षी बर्फ जास्त पडतो त्या वर्षी जुलैतही वाटेवर कडक बर्फाचे पट्टे असतात. उताराच्या कडेला असा पट्टा लहान मुलांना ओलांडायला लावणे अजिबात योग्य नाही. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर रस्त्याची आणि पायवाटेची स्थिती अवश्य पाहावी. लवचिकता असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडावा. तेव्हा बर्फ नसतो आणि पाणी कमी झाल्यामुळे चिखलकुंडे घट्ट होतात. पातळ गढूळ पाण्यापेक्षा घट्ट चिखल पाहण्यात मुले कितीतरी जास्त रमतात, कारण पिठले शिजताना उडते तसा तो फट् फट् आवाज करत उडतो.

वेळ सकाळचीच धरावी. गाडी लावण्याची जागा मर्यादित आहे आणि उन्हाळ्यात ती दुपारच्या आधीच भरते. शिवाय हवा गार असताना वाफेचे लोट दाट आणि उंच दिसतात, तर उन्हाळी दुपारी या उंचीवर विजांसह वादळे येण्याचा संभव असतो. वाटेचा बराच भाग उघड्या उतारावरून जातो आणि तेथे आडोसा मिळत नाही, म्हणून ढग दाटू लागले तर पुढे न जाता परत फिरावे.

तयारी

उद्यानाच्या नैर्ऋत्य प्रवेशद्वारापासून वाटेचा आरंभ गाडीने साधारण ६ ते ७ मैलांवर आहे. उद्यानाच्या बहुतेक भागांत मोबाइलला रेंज मिळत नाही; नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि दोन गाड्या असतील तर भेटण्याचे ठिकाण व वेळ आधीच ठरवावी. इंधन पुरेसे असल्याची खात्री उद्यानात शिरण्यापूर्वी करावी. प्रवेशशुल्क गाडीमागे आकारले जाते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि चौथीत शिकणाऱ्या मुलासाठी 'एव्हरी किड आउटडोअर्स' हा मोफत पास मिळतो आणि त्यावर सोबतच्या कुटुंबालाही प्रवेश मिळतो. तो संकेतस्थळावरून आधी काढून न्यावा लागतो.

पाणी नेहमीपेक्षा जास्त न्यावे. वाटेच्या आरंभी स्वच्छतागृह आहे, पण पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नये. बाटल्या नैर्ऋत्य प्रवेशद्वाराजवळच्या कोम याह-माह-नी अभ्यागत केंद्रातच भरून घ्याव्यात. माझे मत असे की, पिण्याच्या पाण्याखेरीज एक लिटरची वेगळी बाटली पाठपिशवीत असावी आणि तिला कोणी हात लावू नये. चटका बसल्यास तेच पाणी उपयोगी पडते, कारण त्या खोलगटातील ओढ्याचे पाणी गरम आणि आम्लयुक्त असू शकते.

कपड्यांच्या बाबतीत मुलांशी फार वाटाघाटी करू नयेत. पाय पूर्ण झाकणारे, पकड असलेले बूट आणि पूर्ण लांबीची विजार या दोन गोष्टी सक्तीच्या. सपाता किंवा उघड्या चपला चालणार नाहीत. सैल, वाऱ्याने उडणारी ओढणी किंवा स्कार्फ गाडीतच ठेवावा. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी असावी. सकाळी जुलैतही थंडी असते आणि थोड्याच वेळात ऊन चढते, म्हणून अंगावर थर असावेत. या उंचीवर ऊन तीव्र असते, त्यामुळे सनस्क्रीन विसरू नये. चांदीचे दागिने काढून ठेवलेले बरे. गंधकाच्या वायूने चांदी काळवंडते.

बाबागाडी या वाटेवर चालत नाही. वाट दगडगोट्यांची आहे आणि काही ठिकाणी एका बाजूला तीव्र उतार आहे. तान्ह्या बाळाला पाठीवरच्या किंवा पोटावरच्या झोळीत न्यावे लागते. पण दमा असलेली मुले, गर्भवती स्त्रिया आणि श्वसनाचा किंवा हृदयाचा विकार असलेली वडीलधारी मंडळी यांच्याप्रमाणेच तान्ह्या बाळाबाबतही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वायू आणि विरळ हवा या दोन्हींचा ताण एकाच वेळी पडतो. कुत्र्याला नेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण उद्यानातील पायवाटांवर पाळीव प्राण्यांना बंदी आहे. या बंदीमागचे कारण यलोस्टोन या अमेरिकेतल्याच दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात १९८१ साली भीषण रीतीने दिसले : उकळत्या कुंडात उडी घेतलेल्या कुत्र्याला वाचवण्यासाठी एका तरुणाने मागोमाग उडी घेतली आणि दोघेही वाचले नाहीत.

आधी सल्फर वर्क्स

थेट बम्पस हेलला न जाता वाटेतल्या सल्फर वर्क्सला दहा मिनिटे थांबावे, असे मी आवर्जून सुचवेन. अभ्यागत केंद्रापासून साधारण मैलभरावर, अगदी रस्त्यालगत, पदपथावरून एक उकळते चिखलकुंड आणि वाफेच्या भेगा पाहता येतात. इथे मुलाची परीक्षा होते. वास सहन होतो का, वाफेच्या आवाजाला ते घाबरते का, 'कठड्याला हात लावू नकोस' असे सांगितल्यावर ते ऐकते का, हे सारे गाडीपासून वीस पावलांवर कळते. दीड मैल चालून गेल्यावर चार वर्षांचे मूल नाक धरून रडू लागले, तर सगळ्यांचीच सहल फसते. ज्या आजी-आजोबांना पुढची वाट झेपणार नाही त्यांनाही येथे जे पाहायचे ते बहुतेक पाहून होते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

वाटेवर

गाडी लावल्यावर लगेच चालू लागू नये. वाटेचा आरंभच ८,००० फुटांच्या वर आहे. सखल भागातून त्याच सकाळी आलेल्यांना डोके जड वाटू शकते, धाप लागू शकते. वाहनतळाशी एक अवाढव्य शिळा कातळावर अलगद ठेवल्यासारखी उभी आहे. ती हिमनदीने वाहून आणून तेथे सोडलेली आहे. तिच्याभोवती फिरण्यात मुलांची पंधरा मिनिटे सहज जातात आणि तेवढ्यात मोठ्यांचा श्वासही स्थिरावतो. याच ठिकाणी खाऊन घ्यावे, स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि नियम सांगावेत. फळ्यांच्या वाटेवर पोहोचल्यावर नियम सांगणे व्यर्थ असते. तेव्हा मुलांचे लक्ष पूर्णपणे वाफेकडे असते.

नियम मोजकेच ठेवावेत आणि मुलांकडून ते परत म्हणवून घ्यावेत : फळ्यांवरून पाय खाली जाणार नाही, पळायचे नाही, ढकलायचे नाही, कुंडात काहीही टाकायचे नाही, आणि खाली पडलेली वस्तू गेली असे समजायचे, मग ती टोपी असो, खेळणे असो वा मोठ्यांचा फोन असो. शेवटचा नियम मोठ्यांसाठी जास्त कठीण असतो.

पहिला सुमारे मैलभर वाट बेताने चढते. दरीच्या बाजूने समोर ब्रोकऑफ माउंटन आणि त्याच्या शेजारची शिखरे दिसतात. कोणे एके काळी येथे उभ्या असलेल्या एका मोठ्या ज्वालामुखीच्या कडेचे ते उरलेले अवशेष आहेत, आणि त्या ज्वालामुखीचा मधला भाग पोखरून नाहीसा होण्यात याच आम्लयुक्त वाफेचा मोठा हात होता. सर्वांत पुढे एक मोठा माणूस, सर्वांत मागे एक मोठा माणूस आणि मुले मध्ये, अशा क्रमाने चालावे. मुलांना उताराच्या बाजूला न ठेवता डोंगराच्या बाजूला ठेवावे. चालण्याची गती सर्वांत लहान पावलांची असावी. खारी आणि चिपमंक (लहान पट्टेदार खारी) जवळ येऊन आशाळभूतपणे बघतात; त्यांना काहीही खाऊ घालू नये.

त्यानंतर वाट खाली उतरते. खोलगटाचे पहिले दर्शन वरूनच होते, आवाज आणि वास त्याआधीच पोहोचलेले असतात, आणि मुले नेमकी इथेच धावत सुटतात. त्यांचा हात या उताराआधीच धरलेला असावा. आणखी एक बाब नवखे लोक विसरतात : उतरून गेलेला हा सुमारे २०० फुटांचा टप्पा परतताना पुन्हा चढायचा असतो, तोही दिवस तापल्यावर. मुलांचा उत्साह आणि पाणी, दोन्ही त्यासाठी राखून ठेवावे.

फळ्यांच्या वाटेवर

इथे पोहोचल्यावर प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस ठरवून द्यावा आणि त्याने मुलाचे मनगट धरावे. नुसती बोटे धरली तर मूल हिसका देऊन सहज सुटते. ज्याने मनगट धरले आहे त्याने छायाचित्रे काढू नयेत. छायाचित्रे काढणाऱ्याने थांबून काढावीत. मागे सरकत सरकत चौकट जुळवण्याची सवय येथे घातक आहे. चष्म्यावर किंवा लेन्सवर बसलेले वाफेचे थेंब मऊ फडक्याने लगेच पुसावेत. ड्रोन उडवण्यास राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे, आणि गंधकाचे स्फटिक वा रंगीत खडे उचलून नेण्यासही.

आता सावकाश पाहावे. पिवळे दिसते ते गंधक. तांबूस आणि नारिंगी छटा लोहाच्या ऑक्साइडच्या. पांढरी-राखाडी माती ही कुजलेल्या खडकाची. काही कुंडांच्या पाण्यावर काळपट साय तरंगताना दिसते. ती पायराइट या लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या बारीक कणांची असते. हे तेच खनिज, ज्याच्या चमकीला भुलून अनेकांनी सोने सापडल्याचा समज करून घेतला. इथे मात्र ते काळे दिसते, आणि हे मुलांना फार विलक्षण वाटते. बिग बॉइलरचा आवाज तर बोलणे ऐकू येऊ नये इतका असू शकतो, त्यामुळे 'थांब' यासाठी हाताची एक खूण आधीच ठरवलेली असावी.

वाफेचा लोट वाऱ्याने अंगावर आला तर चालत सुटू नये. समोरच्या फळ्या दिसेनाशा होतात. अशा वेळी जागच्या जागी उभे राहून, तोंड वळवून, लोट विरू द्यावा. फळ्या वाफेने ओल्या आणि निसरड्या झालेल्या असतात. वासाविषयीही एक सावधगिरी हवी : हायड्रोजन सल्फाइडचा वास नाकाला थोड्या वेळात सवयीचा होतो, म्हणून 'आता वास येत नाही' याचा अर्थ 'आता वायू नाही' असा होत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट, वारा नसलेल्या जागी साठतो, आणि मुलांची नाके जमिनीच्या जास्त जवळ असतात. डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, खोकला किंवा मळमळ यांपैकी काहीही सुरू झाले की वर, मोकळ्या हवेत निघावे. तसे काही झाले नाही तरी वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. इथे बसून खाणे टाळावे. खायचे ते परत वर चढून आल्यावर, हात पुसून खावे.

एखादा भाग दोरी बांधून बंद केलेला असेल, तर तेथे शंका काढत उभे राहू नये. अशी क्षेत्रे बदलत राहतात : नवी भेग पडते, जुने कुंड सरकते. यलोस्टोनमधील बिस्किट बेसिन येथे २३ जुलै २०२४ रोजी भर दिवसा भूगर्भातील वाफेचा स्फोट होऊन तेथील फळ्यांची वाट उद्ध्वस्त झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. असे प्रसंग विरळ असतात. माणसे भाजतात ती बहुतेक वेळा वाट सोडल्यामुळे किंवा तोल गेल्यामुळे; यलोस्टोनमध्ये इतर कोणत्याही नैसर्गिक गोष्टीपेक्षा गरम झऱ्यांनीच अधिक लोकांना जखमी केले आहे वा त्यांचे प्राण घेतले आहेत, असे तेथील प्रशासनच सांगते.

पोळल्यास

कोणी फळ्यांवरून खाली पडले, तर पाहणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया मागोमाग उतरण्याची असते, आणि तिला आवर घालायलाच हवा. फळ्यांवर आडवे होऊन हात, काठी किंवा जाकीट पुढे करावे. चटका बसलेल्या भागावर जवळचे स्वच्छ, थंड पाणी ओतत राहावे. शक्य तर वीस मिनिटे. पाणी थोडेच असेल तर स्वच्छ फडके भिजवून ते पुनःपुन्हा ओले करावे. ओले गरम कपडे, बूट, मोजे आणि घड्याळ लगेच काढावे, मात्र कातडीला चिकटलेले काही ओढू नये. टूथपेस्ट, तेल, हळद किंवा बर्फ लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैलसर झाकावे. रेंज मिळाल्यास ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा, नाही तर एका सक्षम माणसाला वाहनतळाकडे किंवा भेटेल त्या रेंजरकडे, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाकडे, पाठवावे. मुलाचा चटका लहान वाटला तरी तो चेहऱ्यावर, हातावर, पावलावर किंवा सांध्यावर असेल तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

परतताना

खोलगटातून पुढे एक वाट कोल्ड बॉइलिंग लेककडे जाते. लहान मुले सोबत असताना ती न धरता आल्या वाटेने परतावे. त्या तळ्यात पाणी थंड असूनही वायूचे बुडबुडे येत राहतात, आणि ते पाहायचेच असेल तर किंग्ज क्रीक येथील सहलीच्या जागेपासून वेगळी, लहानशी वाट आहे; ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. वाहनतळावर पोहोचल्यावर मुलांचे हात आणि तोंड पाण्याने धुवावे, बुटांना लागलेली माती झटकावी आणि कपड्यांना वास राहिला असेल तर जाकिटे पिशवीत बंद करावीत. बंद गाडीत तो वास तासन् तास दरवळतो. मुलांनी सकाळी अभ्यागत केंद्रातून ज्युनिअर रेंजर या मुलांसाठीच्या उपक्रमाची पुस्तिका घेतली असेल, तर तिच्यातली पाने इथेच बसून, पाहिलेले ताजे असताना, भरून घ्यावीत. पुस्तिका तपासून रेंजर मुलांकडून शपथ म्हणवून घेतात आणि बिल्ला देतात. त्यासाठी केंद्र बंद होण्याच्या वेळेआधी तेथे पोहोचावे लागते, म्हणून ती वेळ सकाळीच विचारून ठेवावी.